मेंढी काढलेला कॅट : स्पॅनिश २१ आणि नेहमीचा ब्लॅकजॅक यांत फरक काय?

कुळागरी

मंडळी,

गेल्या आठवड्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. मित्राचं लग्न ठरलंय, त्याआधी सहा जण गोव्याला येतायत, एक रात्र मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचा बेत आहे. सराव म्हणून त्याने फोनवर खोट्या चिप्सचा एक खेळ उतरवून घेतलाय, स्पॅनिश २१ नावाचा. म्हणाला, "मामा, हा तर साध्या ब्लॅकजॅकपेक्षा कितीतरी चांगला आहे. एकवीस झाले की आपण जिंकलोच, बरोबरी नाहीच. पाच पानांत एकवीस केले तर वर बक्षीस. मग लोक साधा ब्लॅकजॅक कशाला खेळतात?"

अर्धा तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, पण मला तरी हाच बरा वाटतो." त्याला पटलं नाही, कारण फोनवर पत्ते दाखवता येत नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितो. हाच प्रश्न मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने खूप वेळा ऐकलाय. मांडवीतल्या एका बोटीवर पाच वर्षं आणि मग परदेशी क्रूझवर चार वर्षं मी डीलर होतो. आता डिचोलीजवळ कुळागर सांभाळतो.

आधी ज्यांना ब्लॅकजॅक ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्या पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, २१ ओलांडले की बाद. गुलाम, राणी, राजा हे दहाचे. एक्का एकाचा किंवा अकराचा. डीलरचं एक पान उघडं दिसतं. तुमचं झालं की तो खेळतो आणि १७ होईपर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, तिथे त्याची मर्जी चालत नाही. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं तर तो 'ब्लॅकजॅक', त्याला दीडपट मिळते: हजाराच्या डावाला पंधराशे.

आता स्पॅनिश २१. या खेळाच्या कॅटात दश्शी नाही. चारही रंगांच्या दश्श्या काढलेल्या असतात. गुलाम, राणी, राजा जागेवरच. म्हणजे ५२ पानांचा कॅट ४८ चा होतो. जुन्या स्पॅनिश पत्त्यांत एका प्रकारात अशीच ४८ पानं असतात, एक ते नऊ आणि वर तीन चित्रं. खेळाचं नाव तिथून आलं. खेळ मात्र अमेरिकेतला, १९९५ च्या सुमारास तिथल्या कॅसिनोंत आला.

आपल्याकडे मेंढीकोट खेळून मोठा झालेला माणूस हे चटकन ओळखेल. मेंढीकोटात सगळी धडपड त्या चार दश्श्यांसाठी असते. मेंढी हातात आली की लहान मूलसुद्धा तोंड लपवतं. आता कोणी म्हणालं, "चला मेंढीकोट खेळू, पण मेंढ्या मी काढून ठेवल्यात", तर तुम्ही खेळाल का? ब्लॅकजॅकमध्येही दहाची पानं हाच खेळाडूचा आधार असतो. फक्त ते दिसत नाही, कारण तिथे दहाची पानं चार प्रकारची असतात. त्यातला एक प्रकार गेला तरी टेबलावर राजा-राणी येतच राहतात.

क्रूझवर प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला हे हाताने करायला लावलं होतं. सहा नवे कॅट फोडले, हिरव्या कापडावर पसरले आणि एकेक दश्शी वेचून बाजूला ठेवली. चोवीस पानं. त्यांचा गठ्ठा केला तर करंगळीच्या जाडीचाही भरला नाही. उरलेली २८८ पानं पिसून शूमध्ये, म्हणजे डीलर ज्यातून पानं वाटतो त्या डब्यात, घातली. आमच्या शिकवणाऱ्याने तो लहानसा गठ्ठा उचलून दाखवला आणि सांगितलं, आता तुम्ही खेळाडूला जे जे जास्तीचं द्याल, ते सगळं याच्या बदल्यात. मला तेव्हा ते खरं वाटलं नाही. चारशे हात वाटून झाल्यावर वाटलं.

दश्शी गेली की काय होतं, ते एकेक करून सांगतो.

पहिलं, ब्लॅकजॅक कमी येतात. सहा कॅटांच्या साध्या खेळात १०० हातांत सरासरी ४.७५ वेळा, स्पॅनिशमध्ये ४.१८ वेळा.

दुसरं, डबल. तुमचे अकरा झालेत, डीलरकडे छक्की उघडी आहे, तुम्ही डाव दुप्पट करून एकच पान मागता. साध्या खेळात दहाचं पान यायची शक्यता १०० त ३१ च्या जवळपास. इथे २५. पैसे सर्वांत जास्त लावलेले असतात ती हीच वेळ, आणि पान नेमकं तेव्हाच कमी येतं.

तिसरं, लोकांच्या लक्षात न येणारं: डीलर कमी वेळा फुटतो. त्याच्या छक्कीखाली दहाचं पान असलं तर सोळा होतात आणि त्याला पुढचं पान घ्यावंच लागतं, त्यावर दहाचं आलं की तो बाद. दहाची पानं कमी म्हणजे ते सोळाही कमी आणि त्यावर येणारे घावही कमी.

साध्या ब्लॅकजॅकच्या नियमांत दुसरा काहीही बदल न करता नुसत्या दश्श्या काढल्या, तर खेळाडूचं नुकसान साधारण २ टक्क्यांनी वाढतं. चांगल्या नियमांच्या आणि नीट खेळलेल्या ब्लॅकजॅकमध्ये हाउस एज (लावलेल्या पैशांतला सरासरी कॅसिनोकडे जाणारा वाटा) अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, हे ध्यानात घेतलं तर २ टक्के म्हणजे किती ते कळेल. असा खेळ कोणी खेळणार नाही. म्हणून मग वरची सगळी उदारता:

तुमचे २१ झाले की तुम्ही जिंकलात, डीलरचेही २१ असले तरी. तुमचा ब्लॅकजॅक डीलरच्या ब्लॅकजॅकवर भारी. कितीही पानं घेतल्यावर डबल करता येतं. डबल करून वाईट पान आलं आणि अजून बाद झाला नसाल, तर मूळ डाव सोडून डबलचे पैसे परत घेता येतात. सरेंडर आहे, म्हणजे अर्धे पैसे सोडून हात टाकता येतो. एक्के फोडल्यावर (दोन एक्के वेगळे करून दोन हात केल्यावर) पुढे पानं घेता येतात. पाच पानांत २१ ला दीडपट, सहा पानांत दुप्पट, सात किंवा जास्त पानांत तिप्पट. छक्की-सत्ती-अठ्ठी किंवा तीन सत्त्या असे २१ झाले तर दीडपट, तिन्ही एकाच रंगाची असतील तर दुप्पट, तिन्ही इस्पिकची असतील तर तिप्पट.

हे सगळं मिळूनसुद्धा बेरीज कुठे जाते? डीलर सॉफ्ट १७ वर (म्हणजे एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर) थांबत असेल तर स्पॅनिश २१ ची हाउस एज साधारण ०.४ टक्के. त्याच्यावर पान घेत असेल तर ०.७६ च्या आसपास. म्हणजे साध्या ब्लॅकजॅकच्या शेजारीच. भाच्याला वाटतं तसा हा खेळ जास्त देत नाही. त्याची किंमत तीच आहे, फक्त वसूल दुसरीकडून होते.

आणि ही ०.४ सुद्धा त्यालाच लागू, जो स्पॅनिशच्या रीतीने खेळतो. माझा जीव तिथेच तुटायचा. लोक साध्या ब्लॅकजॅकची पाठ केलेली रीत घेऊन यायचे. बारा झालेत, डीलरकडे पंजी आहे: साध्या खेळात इथे थांबतात, आणि बरोबर थांबतात. स्पॅनिशमध्ये पान घ्यायचं असतं, कारण तुमची फुटायची भीती कमी झालेली असते आणि डीलर फुटेल ही आशाही. माणूस आत्मविश्वासाने हात आडवा फिरवून थांबायचा आणि आमच्याकडे सल्ला द्यायची मुभा नव्हती. त्याचं चुकलंय हे कळत असून मी पुढचं पान उलटायचो.

विचारा काय विचारायचं ते. मला जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच सांगेन.

---

सई_फोंडा

फार छान समजावलंत, कुळागरीबाब. मेंढीकोटाच्या उदाहरणाने एका क्षणात डोक्यात शिरलं. आमच्याकडे चवथीच्या रात्री आरती आटोपली की पडवीत पहाटेपर्यंत पत्ते चालतात, पण हा ब्लॅकजॅक कधी शिकले नव्हते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला जायला बंदी आहे. कामाला जाता येतं. त्यामुळे इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हा खेळ काठावरून दिव्यांच्या झगमगाटातच दिसतो. तुमच्यासारख्या आत काम केलेल्या माणसाने लिहिलं म्हणून तरी कळलं.

एक शंका: बोटीवरच का? जमिनीवरच्या हॉटेलांतही कॅसिनो आहेत ना?

---

कुळागरी

सईताई, बरोबर. आपला जुगारविरोधी कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत मशीनच्या खेळांना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांवर टेबलांना. म्हणून माणूस पत्ते वाटतोय असा खेळ बोटीवर असतो, जमिनीवर कायद्याने इलेक्ट्रॉनिक. आत जायला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. भाच्याच्या टोळीतल्या एकाची अजून झालेली नाहीत, हे मी त्याला आधीच सांगितलंय.

---

आकडेमोड

लेख आवडला. गणित शिकवतो, म्हणून दोन भर घालतो.

एक म्हणजे इन्शुरन्स. डीलरचा एक्का उघडा असला की विचारतात, इन्शुरन्स घेता का? अर्ध्या डावाएवढे पैसे वेगळे लावायचे, डीलरच्या झाकलेल्या पानात दहा निघाले तर त्यांचे दुप्पट मिळतात. साध्या कॅटात १३ पानांत ४ दहाची. म्हणजे १३ वेळा १०० रुपये लावले तर ४ वेळा २०० मिळतात, ९ वेळा १०० जातात: ८०० आले, ९०० गेले. तोटा १३०० वर १००, साधारण पावणेआठ टक्के. स्पॅनिशमध्ये १२ पानांत ३ दहाची. १२ वेळा लावले तर ३ वेळा २०० म्हणजे ६०० आले, ९ वेळा १०० म्हणजे ९०० गेले. तोटा १२०० वर ३००. पंचवीस टक्के! तोच शब्द, तोच दर, आणि दश्शी गेल्यामुळे तोटा तिपटीहून जास्त. तुमचा मुद्दा याच्याहून स्पष्ट कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही.

दुसरं, काही ठिकाणी स्पॅनिश २१ वर एक मोठं बक्षीसही असतं: तुमच्या तीन सत्त्या एकाच रंगाच्या आणि डीलरचं उघडं पानही सत्ती. सहा कॅटांचा हिशेब केला. चोवीस सत्त्यांतली एक, मग त्याच रंगाच्या उरलेल्या पाचांतली एक, मग चारांतली एक, आणि डीलरला उरलेल्या एकवीस सत्त्यांतली एक. सुमारे ६ लाख ६८ हजार हातांत एकदा. तासाला ६० हात धरले आणि रोज आठ तास एकही सुटी न घेता खेळलं, तर सरासरी पावणेचार वर्षांहून जास्त वाट पाहायची.

---

कुळागरी

आकडेमोड सर, इन्शुरन्सचा हिशेब इतका सुटसुटीत मी कधी मांडू शकलो नव्हतो. मनापासून आभार.

यावर एक आठवण आहे. क्रूझवर एक वयस्क गृहस्थ रोज संध्याकाळी जेवणानंतर यायचे, बरोबर बायको. डीलरचा एक्का दिसला की ते न चुकता इन्शुरन्स लावायचे. बाईंनी एकदा विचारलं, नेहमी का लावता? ते म्हणाले, आयुष्यभर विम्याशिवाय घराबाहेर पडलो नाही. चांगला, जपून राहणारा माणूस. घरात, गाडीत, दुकानात जी सवय त्यांना राखत आली, तीच इथे त्यांना लुटत होती आणि त्याचं कारण नुसतं नाव होतं. त्या डावाला 'डीलरच्या खाली दहा आहे का, यावर वेगळी पैज' असं नाव असतं, तर त्यांनी ती कधीच लावली नसती. त्या सफरीत त्यांचे नेमके किती गेले ते मी मोजलं नाही, पण शेवटच्या रात्री बाई एकट्याच येऊन बाजूला उभ्या राहिल्या आणि नुसता खेळ बघत होत्या, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

---

पंचगंगा_घाट

कोल्हापूरचा आहे. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गोव्याला आलो होतो. (आमच्या महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनोचा कायदा कागदावरच होता, २०२३ मध्ये तो रद्दही झाला, त्यामुळे आम्हाला घाट उतरावा लागतो.) बोटीचं नाव लिहीत नाही. मी तरी साधाच ब्लॅकजॅक खेळलो, दश्श्या सगळ्या होत्या. तरीही तुमचा लेख वाचून शंका आली. मला एका रात्रीत तीनदा ब्लॅकजॅक आला आणि हजारावर बाराशेच मिळाले. दीडपट म्हणजे पंधराशे हवेत ना? तेव्हा मला वाटलं, काहीतरी कर कापला असेल.

---

कुळागरी

दादा, तो कर नव्हता. तुम्ही बसलात ते टेबल '६ ला ५' चं होतं, म्हणजे ब्लॅकजॅकला पाचाच्या डावामागे सहा. टेबलाच्या कापडावरच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, पण बसणारा माणूस कापड वाचत नाही, तो चिप्स आणि डीलरचे हात बघतो.

लोक स्पॅनिश २१ ला वेगळा खेळ म्हणतात, कारण त्याचं नाव वेगळं आहे. ६ ला ५ ला मात्र 'ब्लॅकजॅक'च म्हणतात. माझ्या मते जास्त वाईट प्रकार हाच, कारण स्पॅनिशमध्ये दश्शी काढली तर बदल्यात दहा गोष्टी दिल्या. इथे ब्लॅकजॅकचा दर बदलला आणि बदल्यात काहीच दिलं नाही. हिशेब बघा: दर ब्लॅकजॅकमागे हजाराला ३०० कमी. तासाला ६० हात, त्यात सरासरी तीनेक ब्लॅकजॅक. तासाला आठशे रुपयांच्या आसपास नुसते या एका बदलाने जातात. टक्केवारीत सांगायचं तर हाउस एजमध्ये जवळपास १.४ ची भर. अर्ध्याचे दोन टक्के होतात. दश्श्या असलेल्या टेबलावर तुम्ही स्पॅनिशपेक्षा महाग खेळ खेळून आलात.

म्हणून मी आता कोणालाही सांगतो, बसायच्या आधी उभं राहून कापड वाचा. ब्लॅकजॅकला काय देतात, डीलर सॉफ्ट १७ वर थांबतो की पान घेतो, ही दोन्ही वाक्यं बहुतेक तिथेच असतात. आणि कॅटातून काय काढलंय ते डीलरला विचारा. खेळ कसा खेळावा हे तो सांगणार नाही, पण शूमध्ये काय आहे हे विचारायला हरकत नाही. मी तरी नेहमी सांगितलं.

---

पंचगंगा_घाट

आज दोन वर्षांनी कळतंय. धन्यवाद. आमच्या सहा जणांपैकी एकानेही ते कापड वाचलं नव्हतं.

---

रेवती_मडगांव

कराचा विषय निघालाच आहे तर सांगते, मी हिशेब तपासनिसाकडे काम करते. चिप्स विकत घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. कुळागरीबाब ०.४ आणि ०.७६ चा फरक सांगतायत, तो खेळ समजून घ्यायला मोलाचा आहे. पण भाच्याने खिशातला पैसा मोजायचा असेल तर पहिला आकडा हा. काउंटरवर शंभर दिल्यावर हातात नेमक्या कितीच्या चिप्स येणार आणि त्यात काय काय धरलंय, हे पैसे देण्याआधी विचारावं. पत्त्यांच्या खेळात मोठी रक्कम जिंकली तर त्यावर ३० टक्के कापले जातात ते आणखी वेगळं.

---

शू_आणि_चिप्स

मीही डीलर आहे, अजून कामावर आहे, म्हणून फार काही लिहीत नाही. कुळागरींनी लिहिलेलं बरोबर आहे. एक पुस्ती: डबल केल्यावर बक्षीस मिळत नाही. स्पॅनिशवर एकाने चार पानांत अकरा केले, डबल केला, राजा आला. पाच पानांत एकवीस! माणूस उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. त्याला डबलचे बरोबरीने, म्हणजे लावले तेवढेच मिळाले, दीडपट नाही. त्याला वाटलं आम्ही फसवलं. नियम पहिल्यापासून तोच आहे, पण तेवढ्या गोंगाटात समजावून सांगणं फार कठीण जातं.

---

कुळागरी

अगदी खरं. हा नियम मी मुख्य लेखात लिहायला हवा होता. बाबा, तुमच्या नोकरीला जपून लिहा.

---

आकडेमोड

एक विचारतो. दोन हात खेळून त्यांची वरची पानं आपसांत बदलता येतात, असा प्रकार ऐकलाय. त्यात दश्श्या काढतात का?

---

कुळागरी

नाही सर, त्याला ब्लॅकजॅक स्विच म्हणतात. त्यात कॅट पूर्ण असतो. एका हातात दश्शी-छक्की आणि दुसऱ्यात पंजी-राणी आली, की तुम्ही वरची पानं बदलून वीस आणि अकरा करू शकता. खेळताना अंगावर काटा येतो, इतकं ते मोठं बळ आहे. किंमत दोन ठिकाणी: ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी बरोबरीनेच मिळतात आणि डीलरचे २२ झाले तर तो बाद होत नाही, तुमच्या उभ्या असलेल्या हातांशी बरोबरी होते. डीलरला २२ शंभरात सातेक वेळा होतात. ज्या हातांत तुम्ही एरवी जिंकला असता, तेच हात बरोबरीत जातात.

मी हा प्रकार थोडाच वाटलाय, म्हणून जास्त खोलात जात नाही. पण सवय तीच लावून घ्या. मोठं काही देतायत असं दिसलं की कुठून काढलंय ते शोधायचं. स्पॅनिशमध्ये कॅटातून, स्विचमध्ये डीलरच्या बाविसातून. एकदा ती जागा सापडली की खेळ कळतो. नीट खेळण्याची रीत मुळात १९५६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या चौघांनी, बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट यांनी, मेजावरच्या हिशेबयंत्रांवर आकडेमोड करून काढली. तीही अशीच: कोणत्या पानावर काय येण्याची शक्यता किती, आणि त्यावर काय करावं. कॅट बदलला की ती सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

---

सई_फोंडा

कुळागरीबाब, रविवारी आम्ही करून बघितलं! दोन कॅट घेतले, आठ दश्श्या काढून आजीच्या पानाच्या तबकात ठेवल्या आणि चिपांऐवजी चिंचोके. माझा भाऊ डीलर, मी आणि दोन चुलतभावंडं खेळाडू. मिळून २०० हात, मी वहीत सगळं टिपलं.

डावाला दोन चिंचोके. ब्लॅकजॅक ११ वेळा आला. पाच पानांचे एकवीस दोनदा. छक्की-सत्ती-अठ्ठी एकदा, वेगवेगळ्या रंगांची. डीलरचा एक्का १५ वेळा उघडा आला, त्यात चारदा खाली दहाचं पान निघालं. धाकट्याने हट्टाने प्रत्येक वेळी एक चिंचोका इन्शुरन्स लावला होता: आठ आले, अकरा गेले. तो रुसला.

पण ब्लॅकजॅक ११? तुमच्या हिशेबाने साडेआठ यायला हवे होते ना?

---

कुळागरी

सईताई, वाचून फार आनंद झाला. फोनवर जे मला सांगता आलं नाही ते तुम्ही पडवीत करून दाखवलंत.

११ चं काही वाटून घेऊ नका. २०० हातांत दश्श्या असताना सरासरी साडेनऊ यायचे, नसताना साडेआठच्या जरा खाली. एका हाताचा फरक. तो २०० हातांत दिसणार नाही, २०,००० त दिसेल. टेबलावर बसलेल्या माणसालाही तो कधीच दिसत नाही, म्हणून तर त्याला खेळ उदार वाटतो. पाच पानांचं एकवीस त्याला आठवतं, न आलेली दश्शी त्याला आठवायचं कारणच नसतं. मी नऊ वर्षं लोकांचे चेहरे बघितले, एकानेही कधी मला 'आज दश्शी आली नाही' असं म्हटलं नाही.

धाकट्याचा इन्शुरन्स मात्र तुमच्या वहीत लख्ख दिसतोय. पंधरा चिंचोक्यांवर तीन गेले. त्याला म्हणावं, रुसू नकोस, एक मोठा माणूसही हेच करायचा.

भाच्याला या धाग्याचा दुवा पाठवलाय. उत्तर आलं: "मामा, आम्ही पण आधी घरी करून बघतो." येताना वही घेऊन येणार आहे.

---

सई_फोंडा

त्याला सांगा, दश्श्या काढल्यावर कुठे ठेवल्या ते लक्षात ठेव. आमच्या आजीने आज दुपारी मेंढीकोटासाठी कॅट मागितला, चौघी जमल्या होत्या. दोन हात झाले तरी एकही मेंढी पडेना, म्हणून आजीने सगळ्यांची पानं उलटी करायला लावली. तबकातून सात मिळाल्या. इस्पिकची एक अजून शोधतेय.